डोंगराला नाव परत दिलं, धुराचं काय?

पाटपाणी (धागाकर्ता)

मागच्या महिन्यात ऑकलंडहून गाडी काढून सहकुटुंब न्यू प्लिमथला जाऊन आलो. पाच तास गाडी हाणून पोचलो तर डोंगर गायब. सगळा ढगात. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने पडदा सारला आणि ओरडलीच. खिडकीभर डोंगर! २५१८ मीटर उंच, आजूबाजूला कुणी सोबतीला नाही, डोक्यावर बर्फ. तारानाकी. पुढे हावेराच्या बाजूला गेलो तर त्याच डोंगराच्या पायथ्याशी कुरणं, कुरणांत गाईच गाई, आणि समोरून एकामागे एक दुधाचे टँकर. मुलाने मोजायला सुरुवात केली आणि अकरावर कंटाळून सोडून दिली.

आता मुद्दा. ३० जानेवारी २०२५ ला न्यूझीलंडच्या संसदेने कायदा करून या डोंगराचं 'माउंट एग्माँट' हे नाव कायमचं काढलं. १७७० मध्ये कॅप्टन कुकने जहाजावरून पाहून ब्रिटिश नौदलाच्या एका बड्या सरदाराचं नाव ठोकून दिलं होतं. सरदारसाहेबांनी डोंगर जन्मात पाहिला नाही. आता तारानाकी हे एकच अधिकृत नाव. शिवाय डोंगराला कायद्याने 'व्यक्ती' ठरवलं. १२३ पैकी १२३ मतं बाजूने. इथल्या संसदेत असं एकमत फार क्वचित दिसतं.

त्याच आठवड्यात सरकारने पॅरिस करारासाठी २०३५ चं उद्दिष्ट जाहीर केलं: २००५ च्या तुलनेत उत्सर्जनात ५१ ते ५५ टक्के कपात. २०३० चं उद्दिष्ट आधीच ५० टक्के होतं. म्हणजे पाच वर्षांत खालच्या टोकाला एक टक्का! जुलैअखेर त्याच संसदेने, या वेळी सत्ताधाऱ्यांच्या मतांवर, नव्या तेल-वायू शोधावरची २०१८ ची बंदी उठवली. आणि तेल-वायू या देशात कुठे आहे? याच डोंगराच्या भोवती. ऑक्टोबरमध्ये मिथेन कपातीचं २०५० चं लक्ष्य २४-४७ टक्क्यांवरून १४-२४ वर आणायचं जाहीर झालं. मिथेन कुठून येतो? त्या टँकरवाल्या गाईंकडून.

माझं म्हणणं सरळ आहे. नाव द्यायला पैसे पडत नाहीत, म्हणून ते एकमताने देता येतं. इथल्या मूळच्या माओरी लोकांसारखं डोंगराला आजोबा म्हणायचं आणि आजोबांच्या डोक्यावरचा बर्फ वितळला तरी चालेल म्हणायचं, हे ढोंग आहे. माओरींच्या 'ते पाती माओरी' पक्षाने २०२१ मध्ये देशाचं नाव आओतेआरोआ करा, २०२६ पर्यंत सगळ्या गावांची माओरी नावं परत आणा, अशी याचिका काढली. सत्तर हजारांवर सह्या झाल्या. तेवढ्याच जोराने मिथेनसाठी सह्या गोळा केल्या असत्या तर?

बोला. शिव्या घालायच्या तर शुद्ध मराठीत घाला.

घाटावरची

शिव्या नाही, पण "पैसे पडत नाहीत" हे वाक्य तुम्ही मागे घ्यावं, असं मला वाटतं.

१८६५ मध्ये सरकारने तारानाकी भागातली सुमारे बारा लाख एकर जमीन जप्त केली, डोंगरासकट. लोक बंड करतात म्हणून शिक्षा. मग पारिहाका नावाच्या गावात 'ते फिती' आणि 'तोहू' या दोन माओरी पुढाऱ्यांनी बिनशस्त्राचा लढा उभा केला. जप्त जमिनीत मोजणीदार खुंट्या ठोकायचे, हे लोक जाऊन उपटायचे. १८७९ मध्ये गोऱ्यांच्या शेतांत बैल घालून सरळ नांगरणी केली. नांगरणाऱ्याला पकडून नेलं की दुसऱ्या दिवशी दुसरा नांगराला. ५ नोव्हेंबर १८८१ ला सोळाशेच्या आसपास हत्यारबंद माणसं गावात शिरली, तेव्हा वाटेवर त्यांच्यापुढे पोरं बसली होती, गाणी म्हणत. गाव मोडलं, दोघा पुढाऱ्यांना खटला न चालवता डांबून ठेवलं.

पुढे १९७८ चा प्रकार तर खास आहे. एका कायद्याने डोंगर माओरी मंडळाला 'परत दिला' आणि त्याच कायद्याने मंडळाकडून राष्ट्राला 'भेट' म्हणून घेतला. १९८६ मध्ये ठरलं की तारानाकी म्हणा किंवा एग्माँट म्हणा, दोन्ही चालेल. तिथून एकच नाव व्हायला एकोणचाळीस वर्षं गेली. पाटपाणी, याला तुम्ही फुकट म्हणता?

आणि एकमत झालं ते फुकट होतं म्हणून नव्हे. दीडशे वर्षं कुणी पिच्छा सोडला नाही म्हणून झालं.

खडूस मास्तर

आम्ही पुण्यात बसून हेच बघतोय. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते तिथल्या नातेवाइकांना विचारा. नाव बदलणं हा राज्यकर्त्यांचा सगळ्यात स्वस्त कार्यक्रम आहे, इथे काय नि तिथे काय. पाटपाणींशी शंभर टक्के सहमत.

शिवाय 'मूळ नाव' म्हणजे कुठलं? तारानाकीच्याही आधी त्या डोंगराला पुकेहाउपापा आणि पुकेओनाकी अशी नावं होती. मग ती का नाही? देशाचं म्हणाल तर १८४० च्या, ब्रिटिश आणि माओरींमधल्या वाइतांगी कराराच्या माओरी मसुद्यात 'नु तिरानी' लिहिलंय, म्हणजे न्यूझीलंडचाच माओरी उच्चार. आओतेआरोआ पूर्वी बहुतेक उत्तर बेटालाच म्हणत. दक्षिण बेटावरच्या लोकांनी त्यांचं 'ते वाइपोउनामू' हे नाव सोडून आओतेआरोआ का घ्यावं?

घाटावरची

मास्तर, अभ्यास चोख आहे तुमचा, निष्कर्ष मात्र घाईचा. जुनी दोन नावं कुणी बाहेरच्याने पुसली नाहीत. गोष्ट अशी सांगतात की हा डोंगर पूर्वी बेटाच्या मधोमध, तोंगारिरोच्या शेजारी राहायचा. पिहांगा नावाच्या देखण्या डोंगरणीवरून दोघांची जुंपली. हा हरला, आणि रडत-फरफटत पश्चिमेला समुद्राकडे निघाला. त्याच्या फरफटीची जी चर पडली ती फांगानुई नदी. नवीन ठिकाणी आला, नवीन नाव मिळालं. घरातल्या माणसाने नाव बदलणं वेगळं आणि परक्याने दारावर आपली पाटी ठोकणं वेगळं.

आपल्याकडच्या नामांतरांवर इथे बोलायला लागले तर धागा पेटेल, म्हणून एवढंच: इथे बहुमतवाल्यांनी नावं बदलली, तिथे हरलेल्यांची नावं परत आली. तुलना करायचीच तर एल्फिन्स्टन रोडचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, ती करा. किंवा महाबळेश्वर घ्या. आर्थर सीट, विल्सन पॉइंट, लॉडविक पॉइंट. तिथल्या कड्यांना खालच्या वाड्यांतले लोक काही म्हणत असतीलच ना? आपण कधी विचारलंय?

मु.पो. न्यू प्लिमथ

धागा आमच्याच अंगणातला निघाला म्हणून लिहितोय. मी बारा वर्षं इथे आहे, पोट वायूच्या धंद्यावर चालतं. तेव्हा मी पक्षपाती आहे, हे आधीच कबूल.

धागाकर्त्यांनी एक गोष्ट गाळली. २०१८ ची बंदी समुद्रातल्या नव्या शोधावर होती. तारानाकीच्या जमिनीवर नवे परवाने तेव्हाही मिळत होते. 'डोंगर वाचवला होता आणि आता विकला' हे चित्र खरं नाही.

दुसरं, २०२४ चा ऑगस्ट आठवा. पाऊस कमी, धरणं खाली, वायूचं उत्पादन घटलेलं. विजेचा घाऊक भाव मेगावॅट-तासाला ८०० डॉलरच्या वर गेला. मिथेनॉलच्या कारखान्याने स्वतःचं काम थांबवून वायू वीजवाल्यांना विकला. उत्तर बेटाच्या मध्यभागातल्या लाकूड-लगद्याच्या गिरण्या बंद पडल्या. तिथे काम करणाऱ्यांत माओरी घरं कमी नव्हती. वायू नसला की हंटलीच्या वीजकेंद्रात कोळसा जळतो, आणि तो इंडोनेशियाहून जहाजाने आणलेला असतो. हे उत्सर्जन कमी करणं म्हणायचं का?

आता गंमत. या देशात माओरी नावं सगळ्यात आधी आनंदाने कुणी वापरली असतील तर तेल कंपन्यांनी. कापुनी, पोहोकुरा ही वायूक्षेत्रांचीच नावं. १९६९ मध्ये समुद्रात सापडलेल्या सगळ्यात मोठ्या क्षेत्राचं नाव काय? माउई! ज्या देवमाणसाने गळ टाकून उत्तर बेट समुद्रातून मासा ओढावा तसं वर ओढलं, तो माउई. आम्ही त्याच्या नावाने वायू ओढतोय. ते नाव ठेवताना कुणी याचिका काढली नव्हती.

पाटपाणी

माउईचं मला माहीत नव्हतं. माझाच मुद्दा तुम्ही पक्का केलात की! नाव माओरी, नफा कुणाचा?

जमिनीवरच्या परवान्यांचं मान्य, माझी चूक. पण २०२४ च्या टंचाईवर उपाय म्हणून समुद्रात नवी विहीर शोधणं म्हणजे तहान लागली म्हणून विहिरीचा नकाशा काढण्यासारखं आहे. आज परवाना दिला तर वायू यायला दहाएक वर्षं लागतात, तुम्हीच लोक सांगता. देशाची पाचातली चार भाग वीज आधीच पाणी, वारा आणि जमिनीखालच्या वाफेवर चालते. उरलेला एक भाग भरायला पवनचक्क्या का नाहीत? तारानाकीच्या दक्षिणेच्या समुद्रात त्या लावायला आलेली परदेशी कंपनी २०२४ मध्ये गाशा गुंडाळून गेली, कारण त्याच पाण्यात लोखंडी वाळू उपसायचा प्रस्ताव होता.

घाटावरची

आणि त्या वाळूला सर्वोच्च न्यायालयापर्यंत कोण नडलं? २०२१ मध्ये परवानगी रद्द होण्यावर त्या न्यायालयाने शिक्का मारला, त्या खटल्यात ङाती रुआनुई होते, तारानाकीच्या आठ जमातींपैकी एक. नुसतं नाव घेऊन गप्प बसले असं ज्यांच्याबद्दल तुम्ही सुचवताय, तेच. आणखी एक खटला बघा. माइक स्मिथ या माओरी वडीलधाऱ्यांनी देशातल्या सात मोठ्या प्रदूषक कंपन्यांना कोर्टात खेचलं. दूध, वीज, पोलाद, तेल, कोळसा, सगळं त्यात आहे. अपील कोर्टाने हाकलून दिलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खटला चालू द्या, आणि तिकांगा, म्हणजे माओरी रीतिरिवाजाचा कायदाही विचारात घ्या. तो तिकांगा कोर्टात शिरला कसा? भाषा, नावं, करार यांसाठी चाळीस वर्षं भांडले म्हणून. नावाची लढाई आणि धुराची लढाई वेगळी नाही, माणसंसुद्धा तीच आहेत.

गोठ्यातला

वायकातोत दुधाच्या फार्मवर काम करतो, साडेचारशे गाई. पहाटे चारला उठतो म्हणून उशिरा लिहितोय. तुम्ही सगळे गाईंवर बोलताय, पण धारा कुणी काढल्यात का?

पहिलं, मिथेन ढेकरांतून येतो, मागून नव्हे. २००३ मध्ये सरकारने गुरांवर कर आणायचं ठरवलं तेव्हा पेपरवाल्यांनी त्याला पादण्याचा कर म्हटलं आणि अख्खा देश हसला. तारानाकीचाच एक खासदार, शेन आर्डर्न, मर्टल नावाचा जुना ट्रॅक्टर घेऊन संसदेच्या पायऱ्या चढला. कर मेला. पुढे २०२५ पासून शेतीच्या उत्सर्जनाला किंमत लावायचं घाटत होतं, तेही बारगळलं. देशाच्या एकूण उत्सर्जनात निम्म्याच्या आसपास शेती आहे, हे आम्हालाही माहीत आहे. आमचे मालक दर वर्षी आकडा भरतात.

दुसरं, मिथेन हवेत दहा-बारा वर्षं राहतो, कार्बनसारखा शेकडो वर्षं नाही. म्हणून शेतकरी म्हणतात, आम्हाला शून्यावर आणू नका, घटवायला सांगा. हे सगळंच बहाणं नाही. लक्ष्य निम्म्याने कमी करणं मात्र मलाही पटलं नाही, कारण खाद्यात मिसळायची औषधं, लस यांवर काम चाललंय तर लक्ष्य ढिलं कशाला? ढिल्या दाव्याला बांधलेली गाय दुसऱ्याच्याच शेतात जाते.

तिसरं. माओरी ट्रस्टांचेही मोठमोठे फार्म आहेत. त्यांच्याही गाई ढेकर देतात. आणि मोकाईला तुआरोपाकी ट्रस्टचं वाफेवरचं वीजकेंद्र आहे, त्याच्या शेजारी त्याच उष्णतेवर काचघरं. म्हणजे एकाच समाजात गाय पण आहे, वाफ पण आहे. त्यांना 'निसर्गाचे पुजारी' करून देव्हाऱ्यात बसवू नका. ती माणसं आहेत, त्यांनाही हप्ते आहेत.

मु.पो. न्यू प्लिमथ

+१०० गोठ्यातले दादा. शेवटचं वाक्य छापून भिंतीवर लावतो.

अर्धा चहा

मी गिझबर्नला राहते, देशाच्या दुसऱ्या टोकाला. इथली गोष्ट कुणीच काढली नाही, म्हणून मी काढते.

१७६९ मध्ये कुक पहिल्यांदा उतरला तो आमच्या खाडीत. त्याच्या माणसांच्या गोळ्यांनी इथले लोक मेले. हवं ते धान्य-पाणी मिळालं नाही म्हणून जाताना नाव ठेवून गेला: पॉव्हर्टी बे. दारिद्र्याची खाडी! मारलं त्याने, दरिद्री आम्ही. २०१९ मध्ये 'तुरांगानुई-आ-किवा / पॉव्हर्टी बे' असं जोडनाव झालं. एवढ्याशा बदलाला अडीचशे वर्षं.

पण माझा मुद्दा नावाचा नाहीच. इथले डोंगर मातीचे, ठिसूळ. १९८८ च्या बोला वादळात उतारच्या उतार खाली आले, म्हणून सरकारने पाइन लावले. मग २००८ पासून कार्बनचा बाजार आला आणि झाड लावलं की पैसे मिळू लागले. शहरातल्या कंपन्यांना धूर कमी करण्यापेक्षा आमचे डोंगर पाइनने भरणं स्वस्त पडतं. तोडणी झाली की फांद्या-ओंडके उतारावर तसेच सोडतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये गॅब्रिएल वादळ आलं तेव्हा ते सगळं नद्यांतून खाली आलं. पूल गेले, कुंपणं गेली. आमच्या किनाऱ्यावर वाळू दिसत नव्हती, नुसती लाकडं. मी आणि शेजारीण चालत गेलो, तिचे नव्वदीतले सासरे काठी टेकत मागे. ते म्हाताऱ्या आवाजात एकेका ओढ्याचं नाव घेत होते, कुठला ओंडका कुठून आला असेल ते सांगत. ती नावं नकाशावर नाहीत.

पाटपाणीदादा, तुम्ही म्हणता नाव सोपं, कपात अवघड. आमच्याकडे कपातच नावाने झाली: कागदावर 'कार्बन वन', जमिनीवर लाकडाचा चिखल.

घाटावरची

अर्धा चहा, अंगावर आलं वाचून. माझं आजोळ मुळशीकडचं. १९२१ मध्ये सेनापती बापट आणि मावळे धरणाविरुद्ध बसले होते ते टाटांच्या विजेसाठी जमीन जाते म्हणून. पाण्यावरची वीज, आजच्या भाषेत स्वच्छ. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरल्या. आजी सांगायची, पाणी उतरलं की जुन्या देवळाचे दगड दिसायचे. म्हणून "आधी उत्सर्जन कमी करा, मग नावांचं बघू" हा क्रम मला भीतीदायक वाटतो. ज्यांचं नाव नकाशावर नाही, त्यांचीच जमीन स्वच्छ विजेला लागते.

खडूस मास्तर

मुळशीचा मुद्दा बिनतोड आहे, एवढं कबूल करतो. बाकी मत कायम. नाव दिलं की सरकारला वाटतं हिशेब चुकता झाला, ही माझी भीती कुणी खोडलेली नाही. त्या तारानाकी कायद्यात पैशाची भरपाई आहे का?

घाटावरची

या कायद्यात नाही. माफी आहे, आणि डोंगराचा कारभार बघायला चार माणसं जमातींची, चार सरकारची. पैशाचे समझोते जमातींशी वेगवेगळे झालेत. पुरेसे का? जप्त जमिनीच्या किमतीपुढे काहीच नाही.

पाटपाणी

दोन दिवस विचार केला. "पैसे पडत नाहीत" हे वाक्य मागे घेतो, घाटावरची ताई. कुणाला पडले नाहीत, ते मी बोललोच नव्हतो. संसदेला पडले नाहीत, आणि माझा राग तिच्यावरच आहे, तो तसाच ठेवतो. डोंगराच्या कारभाऱ्यांना डोंगराच्या वतीने बोलायचा अधिकार आहे, पण डोंगराच्या सावलीतल्या विहिरीबद्दल आणि गोठ्याबद्दल ते किती बोलू शकतील? बर्फाची रेघ डोंगरावरच्या राष्ट्रीय उद्यानाची हद्द बघून वर सरकत नाही.

अवांतर: वर कुणी 'ङाती' लिहिलंय ते फार आवडलं. मराठीत हे अक्षर शाळेत पाठ करायचं आणि मग 'वाङ्मय' सोडून कुठे वापरायचं नाही. माओरीत शब्द त्याने सुरू होतात. गोरे लोक 'नगाती' म्हणतात आणि अडखळतात, आपल्याला फुकट मिळालंय.

मु.पो. न्यू प्लिमथ

उच्चारावरून आठवलं. मुलगी आठ वर्षांची आहे. शाळेत पेपेहा म्हणून प्रकार असतो. उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायची, पण स्वतःच्या नावाने सुरुवात नाही. आधी माझा डोंगर अमुक, माझी नदी तमुक, माझे लोक हे, आणि सगळ्यात शेवटी माझं नाव. आपल्याकडे गाव-कुळ-कुलदैवत विचारतात तसंच थोडं. वर्गातली निम्मी मुलं 'को तारानाकी ते माउंगा' म्हणतात. हिने मला विचारलं, आपला डोंगर कुठला? मी साताऱ्याचा. म्हटलं, अजिंक्यतारा. नदी कृष्णा. तिने पाठ केलं.

मग रात्री झोपताना विचारते, त्याचं नाव पहिल्यापासून हेच होतं का? आता काय सांगू? १७०० मध्ये औरंगजेबाने किल्ला घेतला आणि पोराच्या नावावरून आझमतारा केला, मग मराठ्यांनी परत घेतला तेव्हा अजिंक्यतारा झाला. सांगितलं. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, मग त्याच्या आधी काय म्हणायचे?

मला माहीत नाही. साताऱ्याचं कुणी वाचत असेल तर सांगा, मी तिला शुक्रवारपर्यंत उत्तर देतो म्हणालोय.

गोठ्यातला

साताऱ्याचा नाही, पण धागा वर ठेवतोय. आणि पाटपाणी, तुमच्या पोराला सांगा, टँकर अकरा नव्हेत. वसंतात मोजायला या.